डोंगर तुमचा, पैसे पोरांचे

गेल्या अंकात पुण्यातल्या ट्रेकिंग ग्रुप्सवर लेख आला आणि त्यानंतर या सदराकडे जी पत्रं आली त्यातली बरीचशी एकाच गोष्टीवर होती, की आम्ही काहीतरी अवघड चढणार आहोत किंवा सायकल मारणार आहोत आणि त्यातून परदेशातल्या अनाथ मुलांसाठी पैसे उभे करायचेत, तर कसं करू. म्हणून या वेळी फक्त तेवढंच. सोसायटीचं पार्किंग आणि सासूबाईंचं मृत्युपत्र पुढच्या अंकात, रागावू नका. पत्रं लांब होती, कापून छापतेय, नावं नेहमीप्रमाणे देत नाही.

प्रश्न – आम्ही चौघं मित्र, सगळे हिंजवडीला आयटीत. जानेवारीत टांझानियातला किलिमांजारो करतोय, ५ दिवसांचं पॅकेज मिळालंय. येताना नैरोबीजवळच्या एका बालगृहात जाऊन मुलांना भेटायचं आणि जमलेले पैसे तिथेच द्यायचे असा प्लॅन आहे. बालगृहाचं नाव एका कलीगनी सुचवलं. टार्गेट १२ लाख. बजेटची एक्सेल आणि पोस्टर जोडतोय. दर रविवारी सिंहगड करतो त्यामुळे फिटनेसचा प्रश्न नाही. फक्त लोकांना अपील कसं करायचं ते सांगा. – एक वाचक, बाणेर

उत्तर – अपील नंतर. आधी तुमची एक्सेल, कारण ती मी चहा बाजूला ठेवून दोनदा वाचली. विमान २ लाख ६० हजार, चढाईचं पॅकेज ५ लाख ४० हजार, जॅकेट-बूट ६० हजार, व्हिसा-इन्शुरन्स ४० हजार, एक दिवसाची सफारी ४० हजार, आणि सगळ्यात खाली पिवळ्या रंगात 'बालगृह – बॅलन्स अमाउंट' २ लाख ६० हजार. आणि त्याच मेलमधल्या पोस्टरवर काय, तर 'तुमचा प्रत्येक रुपया अनाथ मुलांच्या हास्यासाठी'. अहो, म्हणजे तुमच्या मावशीनी हजार रुपये दिले तर त्यातले २१७ मुलांकडे आणि ७८३ तुमच्या चौघांच्या ट्रिपमधे, सफारीतला सिंह धरून, आणि हे मावशीला कुणीच सांगणार नाहीये. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

तुम्हाला वाईट म्हणत नाहीये मी. ब्रिटनमधे वगैरे चॅरिटी ट्रेकची जी पद्धत आहे त्यात दोन्ही प्रकार असतात, एकात माणूस स्वतःचा खर्च स्वतः करतो आणि जमलेलं सगळं संस्थेला जातं, दुसऱ्यात ठरावीक रक्कम गोळा केली की त्यातूनच त्याची ट्रिप भागते. दुसरा प्रकार तिकडे उघडपणे लिहून करतात तरी लोक त्यावर कुरकुरतात, आणि मला विचाराल तर बरोबरच कुरकुरतात. चौघंही कमावते आहात. ट्रिप तुमच्या खिशातून करा, ती एक्सेल दोन भागात फाडा, एक फाईल तुमची आणि एक मुलांची, आणि पोस्टरवर सरळ छापा की प्रवासाचा सगळा खर्च आम्ही करतोय. माझा अनुभव असा आहे की हे एक वाक्य असलं की लोक हात आखडता घेत नाहीत. टार्गेट १२ वरून ४ लाखावर आणलंत तरी मुलांच्या वाट्याला आताच्या हिशोबापेक्षा जास्तच येतंय, करून बघा गणित.

मागायचं कसं तर मीटरवर मागा. किलिमांजारोचं उहुरू शिखर ५,८९५ मीटर, मीटरला एक रुपया म्हटलं तर एका माणसाचे ५,८९५ होतात, ज्याला जड वाटेल त्याला मीटरला चार आणे म्हणा, दीड हजाराच्या आत बसतं, आणि चार आणे हा शब्द ऐकून वयस्कर मंडळी हसून जास्तच देतात. फक्त एक गोष्ट आधीच लिहून टाका की शिखर झालं नाही तरी देणगी तेवढीच राहील. हे फार महत्त्वाचं आहे, कारण नाहीतर होतं काय की माणूस डोकं ठणकत असताना, उलट्या होत असताना, खाली लोकांचे पैसे लागलेत म्हणून वर चढत राहतो.

आणि ते डोकं ठणकणारच आहे कारण तुम्ही ५ दिवसांचं पॅकेज घेतलंय. सिंहगडानी मांड्या तयार होतात, उंची तयार होत नाही. आतकरवाडीतून गडावर साधारण ६०० मीटर चढ, माथा समुद्रसपाटीपासून १,३०० च्या आसपास, वर जाऊन पिठलं भाकरी हाणून आपण दुपारी घरी. ३,००० मीटरच्या वर नियम वेगळा असतो, झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम वाढवायचा. ५ दिवसात हे बसतच नाही. स्वस्त पॅकेज कमी दिवसांचं का असतं तर तिथल्या नॅशनल पार्कची फी दिवसावर आहे, माणशी रोजचे ७० डॉलर वर व्हॅट, म्हणून दिवस कापले की पॅकेज स्वस्त. माचामेच्या वाटेनी ७ दिवस किंवा लेमोशोच्या वाटेनी ८ दिवस घ्या. लायसन्सवाला गाईड घ्यावाच लागतो, पण पोर्टर लोकांना नीट पैसे आणि जेवण देणारा ऑपरेटर शोधा, टांझानियातल्या मुलांच्या नावानी, सॉरी तुमच्या केसमधे केनियातल्या, पैसे गोळा करायचे आणि त्याच भागातल्या एका बापाच्या डोक्यावर २० किलोच्या वर ओझं द्यायचं हे काही बरं दिसत नाही. यलो फीव्हरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्या आणि लसीचं ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा, कारण केनियाहून परत येताना आपल्याच विमानतळावर विचारतात आणि नसलं तर क्वारंटाइन.

आता बालगृह. कलीगनी सुचवलं ही चौकशी झाली नाही. केनिया सरकारचं स्वतःचं धोरण असं आहे की मुलं मोठ्या संस्थांतून काढून कुटुंबात न्यायची, २०२२ साली तिथे नवा बालकायदा आला आणि त्याच वर्षी संस्थांकडून कुटुंबाकडे जायचा दहा वर्षांचा राष्ट्रीय आराखडासुद्धा. तेव्हा त्या बालगृहाला मेल करून विचारा, की तुमच्याकडच्या मुलांपैकी किती जणांना आई किंवा बाप किंवा आजी आहे, गेल्या वर्षी किती मुलं घरी परत पाठवलीत, सरकारी नोंदणी दाखवा, ऑडिट झालेले हिशोब दाखवा, आणि बाहेरचा माणूस मुलांना भेटायला आला तर तुमचे नियम काय. शेवटच्या प्रश्नाला 'या ना, कधीही या, मुलं गाणी म्हणून दाखवतील' असं उत्तर आलं तर तिथे पैसे देऊ नका. जी संस्था तुम्हाला भेटायला नाही म्हणेल तिच्यावर जास्त विश्वास ठेवा. याचं कारण खाली तिसऱ्या उत्तरात सविस्तर आहे.

प्रश्न – मी पुणे ते कन्याकुमारी सायकलनी जाणार आहे, सोबत दोन मैत्रिणी आहेत. युगांडात आईवडील एड्सनी गेलेल्या मुलांना त्यांच्या आज्या सांभाळतात, त्या आज्यांना मदत करणाऱ्या ब्रिटनमधल्या एका संस्थेला पैसे द्यायचेत. माझ्या जीपेचा क्यूआर कोड जर्सीवर छापायचा आणि जमलेले पैसे मी माझ्या अकाउंटवरून पाठवायचे असं ठरवलंय. नवऱ्याचा मित्र म्हणतो काही होत नाही, बिनधास्त कर. तरी विचारते. – एक वाचक, सहकारनगर

उत्तर – विचारलंत ते फार बरं केलंत, आणि नवऱ्याच्या मित्राला सांगा बिनधास्त शब्द इन्कम टॅक्सच्या कायद्यात कुठेही नाहीये.

एकेक बघू. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून वर्षभरात मिळून ५०,००० रुपयांच्या वर रक्कम तुमच्या खात्यात कुठल्याही मोबदल्याशिवाय आली तर ती सगळीच्या सगळी तुमचं उत्पन्न धरली जाऊ शकते, फक्त वरची नाही, सगळी. म्हणजे तुम्ही आज्यांसाठी ४ लाख जमवले तर कागदावर तुम्ही ४ लाख कमावलेत. पुढचं, परदेशी पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची एलआरएस नावाची स्कीम आहे, माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत, त्यात गिफ्ट आणि डोनेशन चालतं, पॅन लागतो, त्यामुळे मर्यादा ही काही अडचण नाही. अडचण त्यासाठी बँकेत भरायच्या ए२ फॉर्मच्या डिक्लेरेशनमधे आहे, तिथे तुम्ही सही करून सांगता की हे पैसे माझे स्वतःचे आहेत. ते तर नाहीयेत! दीडशे लोकांचे आहेत. वर एका वर्षात एकाच माणसानी असे १० लाखांच्या वर पाठवले तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात, तो रिटर्नमधे मिळतो परत पण तोवर आज्यांचे पैसे अडकले.

मग तुम्ही म्हणाल एखाद्या ओळखीच्या ट्रस्टचं पावतीपुस्तक घेऊ. मी बरीच वर्षं एका ट्रस्टचे हिशोब बघितलेत, कुणी असं मागायला आलं की मी कपाटाची किल्लीच सापडत नाही म्हणायचे. भारतातल्या ट्रस्टनी देणगी भारताबाहेर खर्च केली तर त्या ट्रस्टची स्वतःची करसवलत धोक्यात येते, आधी परवानगी लागते, आणि तुमच्या सायकलसाठी कुणी ती काढत बसणार नाही. घरोघरी डबा फिरवायचा विचार असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची परवानगी लागते, गणपतीत वर्गणीसाठी मंडळं ४१ क ची परवानगी काढतात ना, तीच भानगड.

इतकं सगळं वाचून सायकल विकू नका, उपाय सोपा आहे, पैशाला हातच लावू नका. ब्रिटनमधल्या बहुतेक संस्थांना ऑनलाईन फंडरेझिंग पेज उघडून देता येतं, त्यावर तुमचं नाव, तुमचा रस्ता, तुमचं टार्गेट, आणि देणारा थेट त्यांच्या खात्यात देतो. जर्सीवर तो क्यूआर छापा. कार्डावर आधी इंटरनॅशनल ट्रान्झॅक्शन चालू करावं लागतं आणि बँक थोडा मार्कअप लावते हे लोकांना आधीच सांगा, नाहीतर पेमेंट फेल झालं की रात्री अकराला तुम्हालाच फोन. ज्यांना कार्ड जमत नाही, म्हणजे आपले सगळे काका लोक, त्यांना म्हणायचं कॅश मुलाच्या हातात द्या आणि मुलाच्या कार्डावरून टाका. आणि पुण्यात प्रत्येकाचं कुणी ना कुणी बे एरियात किंवा लंडनला असतंच, त्यांना आधी गाठा, त्यांना हे सगळं लागू नाही आणि ते पौंड-डॉलरमधे देतात.

तुमच्याकडे फक्त एक वही ठेवा, कुणी किती कबूल केलं आणि पेजवर दिसलं का. बस.

संस्था खरी आहे का हे बघायला इंग्लंड-वेल्सच्या चॅरिटी कमिशनचं रजिस्टर सगळ्यांना खुलं आहे, संस्थेचा नंबर टाका, मागच्या पाच वर्षांचा जमाखर्च दिसतो, हिशोब वेळेवर भरलेत की नाही तेही दिसतं. आणि ८०जी, म्हणजे देणगीवरची करसवलत, विचारणारे भेटतीलच, त्यांना हसत सांगा की परदेशी संस्थेला थेट दिलं तर ८०जी नाही, आणि ते इन्कम टॅक्सच्या नव्या रेजीममधे असतील तर तसंही नव्हतंच. तुम्ही निवडलेलं काम मात्र मला मनापासून आवडलं, मूल आजीच्या घरीच राहतंय आणि मदत आजीला जातेय. सायकलला माझ्याकडून किलोमीटरला एक रुपया धरा, पंधराशेच्या आसपास होतील, पेजची लिंक पाठवा.

प्रश्न – मी २२ वर्षांची आहे, फायनल इयर. एव्हरेस्ट बेस कॅम्प करून त्यावर पैसे गोळा करणार आणि मग काठमांडूत एका अनाथाश्रमात दोन आठवडे मुलांना इंग्लिश आणि डान्स शिकवणार. एजन्सी याचे वेगळे पैसे घेते पण सर्टिफिकेट देते. आईबाबा म्हणतात ट्रेक कर पण ते दुसरं कशाला. त्यांना कसं पटवू? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर – आईबाबा बरोबर आहेत, आणि हे मी या सदरात वारंवार लिहीत नाही हे तुला माहित असेल.

बघ, नेपाळमधे काय झालं ते नीट समजून घे. यादवीच्या काळात आणि नंतरही हुमलासारख्या लांबच्या डोंगराळ जिल्ह्यांत दलाल जायचे, गरीब आईबापांना सांगायचे की पोराला काठमांडूत चांगल्या शाळेत घालतो, पैसे घ्यायचे, आणि पोरगं आणून अशा घरात ठेवायचे जिथे परदेशी पाहुणे येतात. कागदोपत्री आईबाप मेलेले. गावात आई जिवंत, शेत नांगरतेय, आणि काठमांडूत तिचं पोरगं पाहुण्यांसमोर अनाथ म्हणून नाचतंय. बालगृहं निघाली पण कुठे, तर जिथे टुरिस्ट जातात तिथेच, काठमांडू खोरं, पोखरा वगैरे. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर मदत करायला जग धावलं तेव्हा नेपाळ सरकारला मुलांना आईबापाशिवाय जिल्ह्याबाहेर नेण्यावरच बंधनं घालावी लागली. कंबोडियातही हाच प्रकार, २००५ ते २०१० मधे तिथे बालगृहांची संख्या भराभर वाढली आणि त्यातल्या बहुतेक मुलांना आई किंवा वडील होते. ऑस्ट्रेलियानी २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला तेव्हा अनाथाश्रमांसाठी मुलांची तस्करी हा प्रकारही गुलामगिरीत धरला. तर तू जी फी भरणार आहेस आणि जे सर्टिफिकेट घेणार आहेस ते या साखळीतलं गिऱ्हाईक म्हणून. सगळीच घरं अशी नसतात, पण दोन आठवड्यांच्या अनोळखी मुलीला पैसे घेऊन आत सोडणारं घर चांगलं असायची शक्यता फार कमी.

समजा घर चांगलं आहे. तरी दोन आठवड्यात तू चार वर्षांच्या मुलीशी गट्टी करणार, ती तुझ्या मांडीवर झोपणार, आणि तू निघून जाणार, मग दुसरी येणार, मग तिसरी. रुमानियात बुखारेस्टला २००० सालापासून एक मोठा अभ्यास झाला, संस्थेतल्या १३६ लहान मुलांपैकी निम्म्यांना पालक-कुटुंबात ठेवलं आणि निम्मी नेहमीसारखी तिथेच, आणि वर्षानुवर्षं दोन्ही गटांची बुद्धी, बोलणं, माणसांशी जोडणं तपासलं. कुटुंबात गेलेली पुढे गेली, आणि दोन वर्षांची व्हायच्या आत गेलेली सगळ्यात जास्त. मुलाला सतत तेच एक-दोन चेहरे लागतात गं. डान्स नंतर.

संयुक्त राष्ट्रांनी २०१९ च्या ठरावात संस्था हळूहळू बंद करून मुलं कुटुंबात न्या असं म्हटलंय, रवांडानी तर २०१२ सालीच ते ठरवून मुलं कुटुंबांत पाठवायला सुरुवात केली. तेव्हा पैसे कुणाला द्यायचे हे शोधताना 'आमच्याकडे इतकी मुलं राहतात' म्हणणारी संस्था बाजूला ठेव आणि 'आम्ही इतकी मुलं घरी पोचवली' म्हणणारी घे. नेपाळमधे अशी कामं करणाऱ्या संस्था आहेत, मुलाचं गाव शोधतात, आईबाप शोधतात, परत नेऊन सोडतात आणि पुढे शाळेची फी भरत राहतात, हे कंटाळवाणं आणि खर्चिक काम असतं आणि त्याचा फोटो काढता येत नाही म्हणून त्याला पैसे मिळत नाहीत.

फोटोवरून आठवलं, कुठल्याही मुलाचा चेहरा तुझ्या स्टोरीवर टाकू नकोस. आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे, मग काठमांडूतल्या मुलाला वेगळा न्याय का. तुझे स्वतःचे फोटो टाक, वाटेतल्या नामचेला सूप पिताना, बेस कॅम्पच्या ५,३६४ मीटरवर नाक लाल झालेलं असताना, लोक त्यावरच पैसे देतात.

आईबाबांना हे वाचायला दे, म्हणजे त्यांना पटवायची गरज उरणार नाही. आणि वाचलेले दोन आठवडे लुक्ला ते बेस कॅम्पमधे वाढवून घे, घाई करू नकोस, नामचेला दोन रात्री काढ.

प्रश्न – माझं वय ६६, गुडघे बरे आहेत. रोज पहाटे पर्वती चढते. नातीकडून ऐकलं की लोक असं चढून चढून परदेशातल्या पोरक्या मुलांना पैसे पाठवतात, मलाही करावंसं वाटतं. पण भिशीत विषय काढला तर सगळ्या तुटून पडल्या, म्हणाल्या घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, आपल्याकडे काय अनाथ मुलं कमी आहेत का. मला उत्तर सुचलं नाही. त्यांचं चूक आहे का? – एक वाचक, कर्वेनगर

उत्तर – चूक नाही हो, आपल्याकडे कमी नाहीतच, आणि ज्या बाईला इथल्या मुलांना द्यायचंय तिनी जरूर द्यावं, जुन्या रेजीममधे असेल तर ८०जी पण मिळेल. पण भिशीतल्या किती जणी देतात तेही हळूच विचारा, कारण माझं निरीक्षण असं की 'आपल्याकडे काय कमी आहेत' हे वाक्य बहुतेक वेळा दोन्हीकडे न देणाऱ्याच म्हणतात.

आणि तुम्ही पत्ता कुठला लिहिलाय बघा. ज्या कर्व्यांच्या नावानी तुमचं नगर आहे त्या अण्णांनी १८९६ मधे पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर गेला, म्हणजे तुमच्या घराच्या आसपासच, आणि अण्णा फर्ग्युसनमधे शिकवून रोज चालत तिकडे जायचे, चिखलातून, काट्याकुट्यातून. पुढे महिला विद्यापीठासाठी पैसे कमी पडले तेव्हा हा माणूस सत्तरी ओलांडल्यावर डिसेंबर १९३० मधे आफ्रिकेला निघाला आणि सव्वा वर्ष केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, दक्षिण आफ्रिका असा फिरला, निधी गोळा करत. मोंबासातल्या लोकांनी तेव्हा म्हटलं असतं की आमच्याकडे काय कमी आहे? त्याच्याही आधी, पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला त्यांच्या कामासाठी लोकांनी असोसिएशन काढली, दहा वर्षं पैसे पाठवायचं कबूल केलं, त्यातून १८८९ साली मुंबईत शारदा सदन उभं राहिलं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलं. अण्णांच्या पत्नी, बाया कर्वे, त्याच शारदा सदनात शिकल्या. तर परक्या देशातल्या पोरक्या पोरीबाळींसाठी पैसे पाठवणं हे पुण्याला नवीन नाहीये, फक्त तेव्हा आपण घेणाऱ्या बाजूला होतो. हे सांगा भिशीत. चहा थंड होईल सगळ्यांचा.

आता तुमचं चढणं. पर्वतीच्या पायऱ्या १०३, दहा वेळा केलंत तर हजाराच्या वर. पण एका दिवसात दहा वेळा करू नका, महिनाभरात पसरा, आणि उतरताना कठड्याला धरा, गुडघा चढताना नाही, उतरताना जातो. आधी डॉक्टरांना विचारा, बीपी बघून घ्या. नातीला सांगा पेज उघडून दे आणि रोज एक फोटो टाक, पायऱ्यांवरच्या नेहमीच्या मंडळींसोबत. इंग्लंडात २०२० साली टॉम मूर म्हणून ९९ वर्षांचे माजी सैनिक वॉकर धरून स्वतःच्या बागेत १०० फेऱ्या मारायला लागले, शंभराव्या वाढदिवसाच्या आत, मागितले होते १,००० पौंड आणि जमले ३ कोटी २० लाखांच्या वर. ते पैसे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या धर्मादाय संस्थांना थेट गेले. नंतर त्यांच्या कुटुंबानी त्यांच्या नावानी वेगळं फाउंडेशन काढलं आणि त्यावर २०२४ मधे चॅरिटी कमिशननी ठपका ठेवला की कुटुंबाला वैयक्तिक फायदा झाला. आजोबांच्या फेऱ्यांना कुणी नावं ठेवली नाहीत, पण नाव खराब व्हायचं ते झालंच. म्हणून नातीला दुसऱ्या नंबरचं उत्तरही वाचायला द्या, पैसे थेट संस्थेकडे.

प्रश्न – आमच्या सोसायटीतली मुलं १० किलोमीटर रन ठेवतायत, जमलेले पैसे सीरियातल्या युद्धात अनाथ झालेल्या मुलांसाठी. एक बिल्डर ५०,००० देतो म्हणतो पण टीशर्टवर पुढे मोठा लोगो आणि फ्लॅग ऑफ त्यांच्या ओळखीच्या नेत्याच्या हस्ते. घ्यावे का? – एक वाचक, वारजे

उत्तर – नेता आला की रन ७ ची ९ ला सुरू होणार आणि डिहायड्रेशननी पोरं पडणार, त्यामुळे फ्लॅग ऑफला स्वच्छ नाही म्हणा. लोगोचं बघा, टेरी फॉक्सनी १९८० मधे एक पाय कृत्रिम असताना कॅन्सर संशोधनासाठी १४३ दिवसात ५,३७३ किलोमीटर कॅनडात पळून दाखवलं, जाहिरातीच्या ऑफर घेतल्या नाहीत, आणि त्याच्या नावाच्या रनमधे आजही स्पॉन्सरचे लोगो नसतात. इतकं कडक राहणं तुम्हाला जमेलच असं नाही. मग बिल्डरना म्हणा, टीशर्ट, पाणी, ॲम्ब्युलन्स याचं बिल तुम्ही थेट व्हेंडरला भरा, लोगो पाठीमागे, छोटा. नाही म्हणाले तर टीशर्ट छापूच नका, प्रत्येकाच्या कपाटात आधीच दहा पडलेत. रस्त्यावर पळणार असाल तर ट्रॅफिक पोलिसांची परवानगी रनच्या बऱ्याच आधी काढा, आणि सीरियाला सोसायटीच्या खात्यातून पैसे पाठवायचा नाद सोडा, तिथे निर्बंधांची भानगड बरीच वर्षं होती, २०२५ मधे त्यातले बरेचसे उठले तरी हा घोळ सोसायटीच्या आवाक्यातला नाही, तिथे आधीपासून काम करणाऱ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पेजवर ज्यानी त्यानी आपापल्या कार्डावरून द्यावं.